आनंदानं न्हाई, पोरी

बाई,

शाळेची स्मरणिका निघते आहे. तुमच्यावर दोन पानं लिहून द्या, असं सांगायला हल्लीच्या मुख्याध्यापिका घरी येऊन गेल्या. मी लिहून दिली. एस. टी.तून उतरून चिखल तुडवत तुम्ही मुठा खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांवर कशा जायच्यात आणि भातलावणीला ठेवून घेतलेल्या मुलींना हाताला धरून शाळेत कशा परत आणायच्यात, ते लिहिलं. ‘पानी नाही, पाणी’ म्हणत आमच्या जिभा कशा वळवल्यात, तेही लिहिलं. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. पण कागद त्यांच्या हातात दिला आणि माझा राग उतरायच्या ऐवजी चढत गेला. इतकी वर्षं मी तुमच्याविषयी चांगलंच बोलत आले. आता ज्याविषयी बोलले नाही ते लिहिते.

बीदरची सहल तुम्हाला आठवत असती का, कोण जाणे. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. तुम्ही इतिहास आणि चित्रकला शिकवायच्यात, आणि वर्षभर आम्हाला त्या तटबंदीच्या शहराच्या गोष्टी सांगायच्यात. खडकात खोदलेले खंदक, निळ्या फरशांचा मदरसा, काळ्या धातूत चांदीची तार ठोकून काढलेली वेलबुट्टी. आमच्यातल्या बऱ्याच जणींनी तोवर पुणंसुद्धा पाहिलं नव्हतं. वडील गेल्यावर आई दुसऱ्यांच्या रानात मजुरीला जायची, तेव्हा सहल माझ्यासाठी नव्हतीच. तुम्हीच मार्ग काढलात. आईने सहलीबरोबर स्वयंपाकाला यायचं म्हणजे आम्हा दोघींचं भागेल. हा तुमचा चांगुलपणा होता. तो मी विसरलेले नाही, आणि म्हणूनच पुढचं मला जास्त लागतं.

सोलापूरपर्यंत आगगाडी आणि पुढे मोटार. मोटारीतून लांबून ती काळीभोर भिंत दिसते आणि आई खिडकीला नाक लावते. तिच्या तोंडावरचा दहा वर्षांचा थकवा कुठे गेला, कळत नाही. “लई मोटं गाव हाय गं,” ती म्हणते, “आन कोट अजून उभा हाय.” वेशीतून आत शिरल्यावर तर तिला काय बघू आणि काय नको असं झालं. धर्मशाळेत पोचताच तिने पदर खोचून चूल मांडली, पण डोळे सारखे रस्त्याकडे. मला हळूच म्हणाली, “ते चांदीचं काम करत्यात, तितं मलाबी न्याल का इचार बाईंना.” मी विचारलं आणि तुम्ही हसून हो म्हणालात.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला. दरवाज्यापाशी सरकारी पाटी होती, तुम्ही ती आम्हाला वाचून तिचा अर्थ सांगितलात. ही वास्तू राष्ट्राची संपत्ती आहे, तिला कोणी इजा केली तर शिक्षा होईल. आई मुलींच्या मागे, डोक्यावर पाण्याची घागर घेऊन उभी होती. तिने घागर खाली ठेवली.

“बाई, हितं आता कोन ऱ्हातं?”

“कोणी नाही. राजे गेले, राज्यं गेली.”

“मंग हे कुनासाटी जपत्यात?”

“पुढच्या पिढ्यांसाठी. या तुमच्या मुलींसाठी.”

आईने भिंतीवर हात ठेवला. मग म्हणाली, “आमच्या गावात तर मानसं ऱ्हात हुती. देऊळ हुतं, दगडी. आंबेमोहोर पिकायचा. तितं अशी पाटी कुनी लावली न्हाई, बाई. धरान बांधलं आन पानी सोडलं.”

तुम्हाला माहीत होतं. मुळशीत नोकरी करणाऱ्या कोणालाही माहीत असतं की तळ्याखाली गावं आहेत. आई सात-आठ वर्षांची असताना तिच्या बापाने घराच्या तुळया उतरवून बैलगाडीत घातल्या आणि मुठा खोऱ्यात परक्याच्या जमिनीवर खोपट उभं केलं, हे मी तुम्हाला वर्गात सांगितलं होतं. तरी तुम्ही म्हणालात, “ती गोष्ट वेगळी आहे. देशाला विजेची गरज होती. पुष्कळांच्या भल्यासाठी थोड्यांना त्याग करावा लागतो.”

“त्याग आपन व्हऊन करायचा आसतो न्हवं?” आई म्हणाली. “आमच्याकडनं तर काडून घेतलं.”

तिच्या आवाजात भांडण नव्हतं. शिकवणाऱ्या बाईंना एक शंका विचारावी तसं ती विचारत होती. वर्गात आम्ही अशी शंका विचारली असती तर तुम्ही शाबासकी दिली असती. मुली ऐकत होत्या, पहारेकरी बघत होता. तुमचा चेहरा लाल झाला. “तुम्ही आता धर्मशाळेत जा,” तुम्ही म्हणालात. “स्वयंपाकाचं बघा. मुली दमून येतील.”

आईने घागर उचलली आणि ती गेली.

मग आम्ही कारागिरांच्या गल्लीत गेलो. बाई, ते काम सुंदर होतं, हे मी नाकारत नाही. एक म्हातारे चाचा पायात सुरई धरून छिन्नीने पाकळ्या कोरत होते, त्यांची सून चांदीची तार त्या खाचेत बसवून हलक्या हातोडीने ठोकत होती. भांडं तोवर करड्या रंगाचंच. शेवटी ते उकळत्या पाण्यात मातीने घासलं की धातू काळाकुट्ट होतो आणि चांदी तशीच पांढरी राहते. चाचांनी चिमूटभर माती जिभेवर ठेवून चव घेतली, तेव्हा मुली खिदळल्या. “किल्ले की मिट्टी है, बेटी,” ते म्हणाले. “धूप-बारिश नईं देखी इसने.” तुम्ही वहीत टिपून घेत होतात. मी दाराकडे बघत होते. वाटत होतं, तुम्ही कोणालातरी पाठवाल, आईला बोलावून आणा म्हणाल. धर्मशाळा दोन गल्ल्या पलीकडे होती.

संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं. भाकऱ्या थापता थापता ती ऐकत होती. मातीचं सांगितलं तेव्हा तिचा हात थांबला. “पाऊस न्हाई लागला त्या मातीला? येवडी वर्सं?” एवढंच तिने विचारलं. तुम्ही जेवायला बसलात तेव्हा तिने तुमच्या ताटात पहिली गरम भाकरी वाढली, आणि तुम्ही म्हणालात, “वा, भाकरी छान झालीय हं.”

मला वाटलं होतं, हे इथेच संपेल. पण पुढे शाळेचं संमेलन आलं. सहलीवर मी बोलायचं असं तुम्ही ठरवलंत. मी माझं भाषण लिहून आणलं, त्यात किल्ला होता, चाचा होते आणि आईचा प्रश्नही होता. तुम्ही तेवढ्यावर आडवी रेघ मारलीत आणि तिथे स्वतः सांगितलेलं लिहून घ्यायला लावलंत: ‘आपल्या मुळशीकरांनीही देशाच्या उन्नतीसाठी आनंदाने आपल्या जमिनी दिल्या.’ मी पाठ केलं. तेरा वर्षांची मुलगी आणखी काय करणार? त्याबद्दल मी स्वतःला दोष द्यायला बसलेली नाही. वाक्य तुमचं होतं.

मांडवात गॅसबत्त्या टांगल्या होत्या. वीज आमच्या डोंगरातून निघून मुंबईला जात होती, आमच्या शाळेला गॅसबत्ती. समोर तालुक्याचे साहेब, मागे गावकरी, डाव्या हाताला बायका. मी ते वाक्य म्हटलं. आणि बायकांतून आवाज आला, मोठा, रानात हाक मारावी तसा.

“आनंदानं न्हाई, पोरी!”

आई उभी राहिली होती. “मांडवात खोटं बोलू नगं. आमी रडत निगालो. माजी आय उंबऱ्याला धरून बसली हुती, तिला उचलून गाडीत घातली.”

साहेबांनी मान वर केली. ते काही बोलणार होते, बाई, मला अजून वाटतं की ते काही विचारणार होते. मागच्या बाजूला एक म्हातारा काठी टेकून उठत होता, तोही बुडालेल्या गावचाच. आणि तेवढ्यात तुम्ही टाळ्या वाजवायला सुरुवात केलीत. जोरात, हसऱ्या चेहऱ्याने, जणू माझं भाषण संपलं. मग शिक्षकांनी वाजवल्या, मुलींनी वाजवल्या, साहेबांनीही वाजवल्या. म्हातारा खाली बसला. आई बराच वेळ तशीच उभी होती. तिचे ओठ हलत होते, पण ऐकू काही येत नव्हतं. मग ती मांडवातून चालती झाली.

दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन तुम्ही मायेने म्हणालात, “तुझ्या आईला सभेचे संकेत माहीत नाहीत. तिचा दोष नाही.”

“बाई, ती खरं बोलली,” मी म्हणाले.

“खरं बोलायचीही एक जागा असते.”

ती जागा कुठली, बाई? मी आयुष्यभर मास्तरकी केली, नकाशावर मुलींना नद्या दाखवल्या, आणि ती जागा शोधत राहिले. किल्ल्याच्या दारात ती नव्हती, तिथे मुली दमल्या होत्या. मांडवात नव्हती, तिथे साहेब बसले होते. स्मरणिकेत तर नाहीच नाही, तिथे गौरवच लिहायचा असतो. चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या राजाने कुठली खोली कशासाठी बांधली ते तुम्ही तोंडपाठ सांगायच्यात. जिच्या हातची भाकरी तुम्ही जेवलात, तिचं घर कुठे होतं हे एकदाही विचारलं नाहीत. तुम्ही क्रूर नव्हतात, हे मला ठाऊक आहे. क्रूर असतात तर मी तुम्हाला केव्हाच सोडून दिलं असतं.

आई पुन्हा शाळेची पायरी चढली नाही. पण मी सातवी झाल्यावर सोयरीक आली आणि तुम्ही आमच्या खोपटात येऊन बसलात, मला ट्रेनिंगला पाठवा म्हणून दोन तास आईशी बोललात, तेव्हा तिने चुलत्यांचं न ऐकता तुमचं ऐकलं. तुम्ही गेल्यावर म्हणाली, “बाईचं उपकार हायेत. जा तू, शीक. पर तिनं एकदा तरी इचारायला पायजे हुतं, तुमचं काय गेलं म्हनून.” त्यानंतर हा विषय तिने काढला नाही. उन्हाळ्यात तळं ओसरलं की मात्र ती एकटीच डोंगर ओलांडून काठावर जाऊन यायची.

हे पत्र स्मरणिकेला जाणार नाही आणि तुम्हाला तर ते पोचणारच नाही. तरी लिहायला घेतलंच आहे, तर एक सांगून टाकते. आई गेली तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, चहापाणी, सुतक, भावकी, मला रडायला सवडच झाली नाही. तुम्ही गेल्याची बातमी मला शाळेत कळली. मी नकाशांच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं, आणि घंटा झाली तरी मला बाहेर येता येईना. तिच्या वाट्याचं रडणंसुद्धा तुम्हालाच गेलं, बाई. ते मला अजून आवडलेलं नाही.