कादंबरीतल्या आईचे हात

मंगळवार, ६ ऑगस्ट २०२४

चावली. डाव्या दंडाला, खोल. मी सुटायला बघतेय आणि ती दात आणखी रुतवतेय! शेवटी नाक दाबलं तेव्हा सोडलं. माझी लेक श्रावस्ती तेरा वर्षांची आहे, पण ताकद माझ्याहून जास्त. कारण काय, तर कुकरची शिटी. तिला बोलता येत नाही. कारण मी शोधायचं, नंतर, पट्टी बांधता बांधता.

संघपाल ऑफिसातून आला. दंड पाहिला. "टिटॅनसचं घेतलंस?" एवढंच. शांत नवरा आहे, सगळे म्हणतात.

गुरुवार, ८ ऑगस्ट

वृंदाचा फोन. इथल्या मराठी मंडळींचा आमचा छोटा वाचनगट तीच चालवते. या महिन्याचा विषय — कादंबऱ्यांतली ऑटिस्टिक मुलं आणि त्यांच्या आया! "लुंबिनीताई, तुम्हीच बोला ना यार. तुम्ही तर ते जगताय!" तीन कादंबऱ्या कुरियरने पाठवतेय.

हो म्हटलं. का म्हटलं?

सोमवार, १२ ऑगस्ट

दोन संपल्या. पहिलीतला मुलगा कुठल्याही सालातली तारीख विचारा, वार सांगतो. दुसरीतली मुलगी चित्रं काढते, तिचं परदेशात प्रदर्शन भरतं. पण दोघांनाही घाम येत नाही. त्या मुलीला पाळी येत नाही, ती पॅड ओढून भिंतीवर फेकत नाही. आणि आई? आई ओट्याशी उभी राहून रडते, पदराने डोळे पुसते, हसत बाहेर येते. मग शेवटच्या प्रकरणात मूल पहिल्यांदा "आई" म्हणतं. दोन्ही पुस्तकांत. म्हणतंच!

मी पुस्तक भिंतीवर भिरकावलं.

त्या आवाजाने श्रावस्ती डोकं दारावर आपटायला लागली. धाड, धाड, थांबेचना. मी मध्ये हात घातला, बोटं चेचली. कपाळ फुटलं तिचं. आणि मग मी तिला मारलं. कानशिलात. दोन, तीन, माहीत नाही किती.

ती थांबली. हेच सगळ्यात वाईट — थांबली. दोन्ही हात डोक्यावर घेऊन, कोपरं पुढे करून उभी राहिली. असं उभं राहायला कुणीतरी शिकवावं लागतं.

पहिल्यांदा मारलेलं नाही. पहिल्यांदा लिहिलंय.

गुरुवार, १५ ऑगस्ट

सोसायटीत झेंडावंदन. लाउडस्पीकर. लिफ्टमध्ये श्रावस्तीने सातव्या मजल्यावरच्या बाईचे केस मुठीत धरले. बाई किंचाळली, "पागल को बाँध के रखो!" तिच्या नवऱ्याने श्रावस्तीला असं ढकललं की ती आरशावर आदळली. मी त्याची कॉलर धरली. मानेवर नखं ओढली त्याच्या. रक्त आलं. बरं वाटलं. खूपच बरं वाटलं!

तिसऱ्या कादंबरीत अगदी असाच प्रसंग आहे. आई हात जोडते, शेजारीण तिला मिठी मारते.

रविवार, १८ ऑगस्ट

वाचनगटासाठी नोएडाहून पहाडगंजपर्यंत कॅब. श्रावस्तीजवळ संघपाल.

वीसेक माणसं. मी चार पानं लिहून नेली होती, एकही वाचलं नाही. म्हटलं, "या तिन्ही आयांचे हात बघा. स्वच्छ. त्यांना कुणी चावत नाही, त्या कुणाला मारत नाहीत. मी मारते."

गटातले ज्येष्ठ, गुणवंत सर, म्हणाले, "तुमच्या भावना समजतात, पण कादंबरीबद्दल बोलू या." मी म्हटलं, "कादंबरीबद्दलच बोलतेय, सर." वृंदाने घाईघाईने चहा मागवला.

जिन्यात एका बाईंनी माझं मनगट धरलं. चंद्रप्रभाकाकू, सत्तरीच्या. मुलगा यतीन चाळिशीचा, श्रावस्तीसारखाच. "तो आठ वर्षांचा असताना," त्या म्हणाल्या, "दुपारी झोपला होता. मी उशी घेतली. दाबली, बेटा. त्याने लाथ मारली, इथे, पोटात — म्हणून सोडली. हे आहे का गं कुठल्या पुस्तकात?"

"नाही, काकू."

"मला वाटायचं, मी एकटीच राक्षसीण."

दोघी रडलो नाही. पायरीवर बसून राहिलो. निघताना नंबर दिला त्यांनी.

सोमवार, १९ ऑगस्ट

मी गटात काय बोलले ते संघपालला कळलं. "काय गरज होती? चार लोकांत तोंड कसं दाखवायचं मी?" एवढंच. कधी मारलं, किती मारलं, विचारलंही नाही.

शनिवार, २४ ऑगस्ट

सकाळपासून श्रावस्ती उजव्या कानात बोट खुपसून ओरडत होती. दुपारी उशीवर पू दिसला, थोडं रक्त. माझाच हात! बारा तारखेचा! गाडीत तिच्या शेजारी बसले, तिने माझे केस उपटले, उपटू दिले.

कानाच्या डॉक्टरने विचारलं, "चोट कैसे लगी?"

"गिर गई थी," संघपाल ताबडतोब.

"नहीं," मी म्हटलं. "मैंने मारा है. बारह तारीख को."

डॉक्टरने लिहायचं थांबवलं. पुन्हा दिवा लावून कानात पाहिलं, बराच वेळ. "मैडम, पर्दे का छेद पुराना है. तीन-चार महीने का होगा. इन्फेक्शन अब हुआ है."

संघपाल खिडकीकडे बघत होता.



रविवार, २५ ऑगस्ट

"मेमध्ये," संघपाल म्हणाला. "तू नागपूरला गेली होतीस तेव्हा. एकदाच, लुंबिनी."

एकदाच कसं म्हणतात ते मला माहीत आहे.

श्रावस्तीची बॅग भरली. चेन लावताना लक्षात आलं — त्याच्यापासून लांब घेऊन जाणार कोण, तर मीच! मीही मारतेच. काकूंना फोन केला. "आमच्याकडे येऊन राहता? आम्हा दोघांवर लक्ष ठेवायला."

यतीनला घेऊन निघाल्यात.