साडूंवरचा सूड

१२ मे, दुपार
जहाजावर चढलो. जहाज कसलं, दहा मजली गावच. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझे साडू, यांना बाल्कनीची केबिन. आम्हाला बिनखिडकीची. पडदा आहे, सारला की भिंत. बुकिंग साडूंनीच केलं होतं. म्हणे, चिठ्ठ्या टाकल्या. मला न विचारता चिठ्ठ्या? निश्चय : सात दिवसांत सूड. थंड डोक्याने.

१३ मे, सकाळी ६
जहाजावरच्या पोहण्याच्या तलावाकाठी काल साडू ज्या खुर्चीत लोळत होते, तिच्यावर माझा टॉवेल टाकला. पहिला घाव.

सकाळी ९
साडू आले आणि टॉवेलवरच बसले. माझ्यासाठी जागा धरलीत, म्हणत त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. बायको माझ्याकडे कौतुकाने बघत होती. लग्नानंतर दुसऱ्यांदा. तूर्त गैरसमज राहू दिला.

१४ मे
साडूंना टेबल टेनिसचं आव्हान. कॉलेजात मी उपविजेता होतो. (खेळाडू दोनच होते, पण तो मुद्दा वेगळा.) एकवीस-चार. मुद्दाम हरलो. शत्रू गाफील राहिला पाहिजे. लेक म्हणाली, बाबा, काका डाव्या हाताने खेळत होते. तिला युद्धनीती कळत नाही.

१५ मे
समुद्र खवळलेला. मीही. पण समुद्राला उलट्या होत नाहीत. साडू दोनदा लिंबू घेऊन आले. लिंबू चोखलं. माफ केलं नाही.

१६ मे, सकाळ
आज बंदर. उतरून गाव बघायचं, चारला परत. उशिरा येणाऱ्यासाठी जहाज थांबत नाही. न्याहारीला साडूंनी मला परतायची वेळ विचारली. सहा, म्हणालो. बायका-मुलं जहाजावरच राहणार. संशय नको म्हणून मीही उतरेन, उलट्या दिशेने. साडू एकटे धक्क्यावर, जहाज लांब लांब, आणि मी कठड्यापाशी हात हलवतोय. अहाहा!

दुपारी ३.५०
घात झाला. शिडीपाशी साडू! दोन्ही हात हलवत माझ्या नावाने ओरडतायत. चेहरा लालबुंद. कळलं वाटतं. चारचौघांत तमाशा नको. खोक्यांच्या थप्पीमागे बसून हे लिहितोय. ते वर गेले की जाईन. माणसं मोजल्याशिवाय जहाज हलत नसतं.

४.०५
अजून तिथेच. चिवट माणूस. अधिकाऱ्याचे हात धरून बोलतायत. माझी तक्रार, दुसरं काय.

४.१२
गेले एकदाचे. शेवटी मीच जिंकलो.

४.१३
शिडीही गेली.

संध्याकाळ, बंदराच्या कचेरीतला बाक
बायकोचा फोन. साडूंना गावात कुणीतरी खरी वेळ सांगितली. मी बिचारा सहाच समजून बसलोय, मागे राहीन, म्हणून ते धावत आले. अधिकाऱ्याच्या हातापाया पडून जहाज दहा मिनिटं थांबवलं. हाका मारून घसा बसलाय. जेवायलाही तयार नाहीत. उद्या मी बसने पुढच्या बंदरावर पोचायचं. ते घ्यायला येणार.

मग तिने विचारलं, तुम्ही होतात तरी कुठे?

म्हटलं, साडूंनाच शोधत होतो.

तिने ते तिकडे कुणालातरी सांगितल्याचं ऐकू आलं. मग बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचा आवाज. बायको रडतेय असं वाटून मी फोन कानाला धरून ठेवला.

साडू होते.