वस्तीने नामंजूर केलेला निष्कर्ष

ती. मावशीस,

शिरसाष्टांग नमस्कार. (आडवी पडूनच करते आहे, कालपासून उठायचं त्राणच उरलेलं नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? मी खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, पण खरं सांगू, मी पार सुन्न झाले आहे.

आमच्या विद्यापीठाला यंदा समाजाचा पुळका आला. चार भिंतींत बसून शिकवणं पुरे, वस्तीत जा, लोकांना संशोधनात सामील करून घ्या, असा वरून हुकूम निघाला आणि माझी नोकरी कायम होणं त्या प्रकल्पाच्या शेपटाला बांधलं गेलं. मी विषय घेतला, वस्तीतल्या वृद्धांचा एकटेपणा. (म्हातारी माणसं दुपारी घरी सापडतात, एवढंच त्यामागचं शास्त्र.) प्रस्ताव भारदस्त दिसावा म्हणून शेवटी एक वाक्य ठोकून दिलं, की सर्व निष्कर्ष वस्तीच्या संमतीनेच अंतिम होतील. अगं, असली वाक्यं आम्ही सगळेच लिहितो, ती कुणी वाचायची नसतात! आमच्या विभागप्रमुखांनी वाचलं. वर वस्तीलाही वाचून दाखवलं.

काल विद्यार्थ्यांना घेऊन वस्तीच्या सभागृहात गेले. वाटलं, चार डोकी येतील, चहा पितील, माना डोलावतील. बघते तर खुर्च्या कमी पडलेल्या! अध्यक्षस्थानी ड्रायव्हरकाका, म्हणजे बस चालवून निवृत्त झालेले गृहस्थ. (जन्मभर कंडक्टरच्या घंटीवर चालले, त्याचं उट्टं आता टेबलावरची घंटी बडवून काढतात.) मी वाचलं, येथील वृद्ध कमालीचे एकाकी आहेत. घंटी! "कोण एकाकी?" मागून आवाज आला आणि सगळे एकमेकांकडे असे बघायला लागले, जणू काही चोरच शोधताहेत. काकांनी सरळ मतदान घेतलं. मावशी, निष्कर्षावर मतदान! मी आकडेवारी सांगते आहे आणि ते हात मोजताहेत. एकमताने नामंजूर. (माझ्या दोन विद्यार्थिनींनीही वस्तीच्या बाजूने हात वर केले. घरभेदी कुठल्या!)

मी म्हटलं, अहो, दुपार खायला उठते असं तुम्हीच मुलाखतीत सांगितलंत ना? तर शिंपीणकाकू उसळून म्हणाल्या, "तू इतकं तोंड पाडून विचारत होतीस, तुला बरं वाटावं म्हणून सांगितलं!" मग त्यांनीच मला विचारलं, की तू कुणाबरोबर जेवतेस. मी बेसावध. खरं बोलून गेले, की ओट्याशी उभ्यानेच, पातेल्यातून.

झालं! मग काकूंनी दुरुस्ती सुचवली, की या अभ्यासात एकच एकाकी व्यक्ती आढळली आणि ती म्हणजे संशोधक. मंजूर! विभागप्रमुख पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. म्हणे, हाच खरा लोकसहभाग, अहवाल असाच वर पाठवू. आता वृद्धांच्या अभ्यासात वृद्धांऐवजी मीच सापडले, तर मला कायम कोण करणार? रात्री घरी आले तर ओट्याशी उभं राहवेना. खुर्ची शोधली, तिच्यावर कपड्यांचा डोंगर. रडूच आलं मला. आज सकाळी दार वाजलं, तर काकू डबा घेऊन उभ्या. म्हणाल्या, निष्कर्ष काढला की उपाय नको का करायला?

असो. तब्येतीला जप.

तुझी,
हबकलेली भाची

ता. क. : खरं काम आता सांगते. सभेत माझी लाज जायला लागल्यावर मी ठोकून दिलं, की मी एकटी कसली, दर रविवारी मावशीकडे पंगतीला असते. काका म्हणाले, खरं निघालं तर दुरुस्ती मागे घेऊ, पण पडताळणी हवी. (हा शब्द मीच त्यांना शिकवला.) येत्या रविवारी ते बस भरून तुझ्याकडे येताहेत. तू फक्त हो म्हण.

ता. क. दुसरा : काकूंनी विचारलं, मावशीच्या स्वयंपाकघराला खिडकी कोणत्या बाजूला आहे? मला आठवेना गं.

ता. क. तिसरा : मावशी, तू कुणाबरोबर जेवतेस? (हे अहवालासाठी नाही.) उत्तर पत्राने पाठवू नकोस. मी शनिवारीच येते.