गहाण मशीन घरातच राहील

मी, वैजनाथ पुंजाराम गायके, वय २४, धंदा शिवणकाम, शिक्षण सातवीपर्यंत, राहणार पडेगाव, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. उद्या सोमवारी घाटी दवाखान्यात माझे आंतरगळाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर किरकोळ म्हणतात. पण भूल देणार आहेत, म्हणून लिहून ठेवलेले बरे.

१. घर भाड्याचे आहे. कात्री, इस्त्री व गजपट्टी बहीण अनसूया हिला द्यावी. मामा कारभारी यांना त्यांची छत्री द्यावी. ती हरवल्याचा आळ त्यांनी माझ्यावर घेतला होता. माळ्यावर सापडली आहे.

२. शिलाई मशीन कर्जाचे असून बँकेकडे गहाण आहे. बँक खाजगी होती तेव्हा मला जमीनवाला जामीन आणायला सांगितले होते. मामा हसले होते, "तुला कोण उभं करतंय तिथं?" गेल्या साली बँक सरकारी झाली आणि यंदा माझे काम पाहून कर्ज मिळाले. मशीनवर बँकेच्या नावाची पत्र्याची पट्टी ठोकली आहे.

पट्टी पाहून आई साळूबाई खचली. आमचे जे जे गहाण पडले ते सावकाराच्या घरी गेले, परत आले नाही. बँकेचे साहेब तपासणीला आले, तेव्हा तिने मशीन गोधडीत बांधून दारात ठेवले होते.

"न्या बाबा. फकस्त पोराला बोलू नका."

"मावशी, मी नेऊन काय झबली शिवू? हे चाललं तर बँकेचं चालंल. सोडा ती गाठ."

खंडेनवमीला आईने मशीनसोबत त्या पट्टीलाही हळदकुंकू लावले.

३. मी गेल्यास मामा म्हणतील, "इकून टाका." विकू नये, तो हक्क आपल्याला नाही. आईनेही भिऊन परत करू नये. अनसूया सासरहून परत आल्यापासून काजे-बटणे करते, आता झबली माझ्यापेक्षा बरी शिवते. तिने कर्ज व मशीन स्वतःच्या नावावर मागावे. मी विचारले आहे. साहेब म्हणाले, "बाईमाणूस म्हणून काय झालं? शिवून दाखवू द्या." तिने बँकेबाहेरच्या बाकावर बसून राहू नये, आत जावे.

४. मी सुखरूप परतलो तर वरील सर्व रद्द, कलम ३ सोडून. मशीनवर अनसूयाच बसेल. मी दुसऱ्या मशीनसाठी अर्ज करीन. तो लिहून ठेवला आहे. कात्री मात्र मला परत लागेल.

साक्षीदार दोघेही हसत होते, पण सह्या माझ्यासमोर नीट केल्या.

साक्षीदार :
फकिरा दगडू वाघ, किराणा दुकानदार
बन्सी रामकिसन थोरात, शेजारी

सही : वैजनाथ पुंजाराम गायके
पडेगाव, औरंगाबाद
१५ नोव्हेंबर १९७०