वाढत्या मापाचा कॉम्प्युटर

आई, आज भर दुकानात लेकीशी भांडले आणि राग मात्र तुझा आला. तिच्या अ‍ॅनिमेशनच्या कोर्ससाठी घरी कॉम्प्युटर घ्यायचाय. तयार घेण्यापेक्षा सुटे भाग निवडून जोडून घेतला तर तेवढ्याच पैशांत बरा मिळतो, हे तुझ्या वेळी खरं होतं आणि आजही आहे. तिला हवं होतं महागातलं ग्राफिक्स कार्ड. मी म्हणाले, "कार्ड सध्या साधं घे. मदरबोर्ड जास्त जागांचा घेऊ, पुढे वाढवता येईल." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला पाटी-पेन्सिल घे म्हणाले. "आई, प्लीज! पुढे कुणी काही वाढवत नाही, सरळ नवीन घेतात. मला काम आत्ता करायचंय." दुकानदार हसू दाबत दुसरीकडे बघत राहिला. हेच सगळं मी एकदा तुला ऐकवलं होतं, सदाशिव पेठेतल्या त्या माडीवरच्या दुकानात.

आठवतंय का तुला ते दुकान? तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते आणि ज्याला त्याला अमेरिका दिसायला लागली होती. मी शेवटच्या वर्षाला, प्रोजेक्ट करायचाय, आणि बाबांनी "मला त्यातलं कळत नाही" म्हणून अंग काढून घेतलेलं. तू ऑफिसातून अर्धी रजा टाकून आली होतीस. पर्स छातीशी घट्ट धरून तू प्रत्येक भागाची चौकशी करतेयस, रॅम म्हणजे काय, ती कुठे बसते, अजून किती बसतील. रॅम जास्त तर काम झरझर होतं, एवढं दुकानदारानं तुला सोपं करून सांगितलं. मी म्हणतेय, मग तीच जास्त घेऊ, प्रोसेसर वेगाचा घेऊ, बाकी डबा छोटा चालेल. तू मात्र सगळ्यांत उंच कॅबिनेट निवडलंस, रिकाम्या जागा भरपूर असलेला मदरबोर्ड निवडलास, आणि मग उरलेल्या पैशांत जो बसेल तो प्रोसेसर आणि रॅमची एकुलती एक पट्टी. दुकानदार म्हणाला, "मॅडम, कॉम्प्युटर आहे हा. शाळेतला मुलगा नाही, वर्षभरात अंगानं भरायला." तू त्याला म्हणालीस, "आपण फक्त जागा किती रिकाम्या राहतात ते सांगा." मी रडकुंडीला आले. जिन्यात तू मला दटावलंस, "चारचौघांत तोंड पाडून उभी राहतेस? आत्ता लहान घेतला तर पुढे काय करशील?"

पुढे. तुझा सगळा संसार या एका शब्दावर चालायचा. माझा शाळेचा फ्रॉक नेहमी गुडघ्याच्या खाली, आत मोठी दुमड घातलेला. दर जूनला तू ती उसवायचीस आणि खाली न विटलेल्या निळ्या रंगाचा पट्टा दिसायचा. सगळ्या वर्गाला कळायचं की हा फ्रॉक गेल्या वर्षीचा आहे. बुटांच्या पुढे कापूस. बूट मापाचे होईपर्यंत त्यांचा तळ गेलेला असायचा. तिघांच्या घराला एवढा मोठा कुकर, का तर पाहुणे आले तर. एकदा तू भाकऱ्या थापत होतीस तेव्हा मी चिडून विचारलं, की मला माझ्या मापाचं कधीच काही का मिळत नाही? तू परातीतून मान वर न करता म्हणालीस, "तू एका मापाची राहणारेस का?"  हे आठवलं की आजही संताप होतो.

बुद्धपौर्णिमेला कॉम्प्युटर घरी आला. तू त्रिशरण म्हटलंस, खीर केलीस, बिबवेवाडीतल्या आपल्या इमारतीतला अर्धा मजला बघायला आला आणि एवढं उंच कॅबिनेट बघून वाहवा करून गेला. उरलेल्या निळ्या कापडाचं तू मॉनिटरला कव्हर शिवलंस, तेही एक माप मोठं. पुढे मोठा मॉनिटर घेतला तर! आणि मी प्रोजेक्टचं सॉफ्टवेअर टाकलं, तर त्या हत्तीला चालवेना. बटण दाबावं आणि चहा करून यावं. शेवटी मी बस बदलत धायरीला मैत्रिणीकडे जायला लागले. तिच्या वडिलांनी छोटा डबा घेतला होता, पण आत पुरेपूर भरलेला. तिचं काम झालं की मग माझं, तिच्या आईच्या घड्याळाकडे बघत. एका संध्याकाळी मी दमून परत आले तर तू दारातच म्हणालीस, "घरात एवढा मोठा कॉम्प्युटर असताना लोकांच्या दारात कशाला जातेस?" मी ओरडले, "मोठा नाहीये तो आई, रिकामा आहे!"  तू आत गेलीस आणि माझं ताट वाढलंस.

पण माझा खरा राग प्रोजेक्टचा नाहीच. प्रोजेक्ट झाला, नोकरीही लागली. तुझ्या ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा तो काचेच्या खोलीत ठेवला होता, चपला बाहेर काढून आत जायचं, आणि कारकुनांनी तर जायचंच नाही. तुझा डबा द्यायला आले होते तेव्हा मी तुला पाहिलंय, हातात फायली घेऊन तू काचेशी उभी होतीस. मला बघून म्हणालीस, "रिटायर झाले की शिकेन." मग आपल्या घरातही एक आला. मी तुला एकदा धरून खुर्चीत बसवलं, म्हटलं, तुझं नाव टाइप कर. तू पदराला हात पुसलेस, खुर्चीच्या कडेवर टेकलीस, एक बोट की-बोर्डवर नेलंस आणि उठलीस. "नको. तुझं काम खोळंबेल. माझं काय, पुढे कधीही." तू रोज त्याची धूळ पुसलीस. कव्हर काढलंस, घातलंस. पण बसली नाहीस.

पहिला पगार झाल्यावर मी रॅम घ्यायला त्याच माडीवर गेले. दुकानदार म्हणाला, ही आता येत नाही, बाजारच बदलला. कुठे जुनी मिळालीच तर नव्या मशीनच्या रॅमपेक्षा महाग पडेल. सगळ्या रिकाम्या जागा तशाच राहिल्या. मी घरी येऊन हे तुला सांगितलं तेव्हा तू आजारी होतीस आणि म्हणालीस, "असू दे, पुढे बघू." रिटायर होण्याआधीच तू गेलीस. मला तुझा राग येतो आई, अजून येतो. मला तू दोन-चार वर्षांनी मोठे कपडे घातलेस, ते कधीतरी मला मापाचे झाले. स्वतःचं सगळंच तू पुढच्यासाठी ठेवलंस, आणि ते घालायला राहिलीच नाहीस.

म्हणून आज मी हार मानली. लेकीला तिला हवं तेच कार्ड घेऊन दिलं, आत्ताच्या आत्ता. ती खूश होऊन स्कूटर काढायला खाली गेली. हे पत्र तुला पाठवायचं नाहीच, म्हणून सांगते. दुकानात दोन बोर्ड होते, एक तिला पुरेल असा आणि एक दोन जागा रिकाम्या राहतील असा. मी दुसरा घेतला. लेकीला सांगितलं, पहिला संपला होता.