नदीकाठचा एकच काळा झगा

व्हर्जिनिया, ऑक्टोबर १६४३

नथॅनिएल भाऊजी,

आठ महिन्यांपूर्वी लिहिलेलं तुमचं पत्र आज जहाजातून उतरलं. तुमच्या भावाला, हम्फ्रीला, पुरून महिना व्हायच्या आत मी गाइल्सशी लग्न केलं, म्हणून मी निर्लज्ज! वर्षभर काळे कपडे घालायचे होते म्हणे.

कुठून घालू? या अख्ख्या काठावर काळा झगा एकच आहे. पुढची विधवा दारात उभी राहिली, की अंगावरचा काढून द्यावा लागतो. मला तो नऊ दिवस मिळाला. तंबाखूला कीड लागली होती, माझा लेक टोबी तापाने फणफणत होता. तुम्ही येणार होतात का कुदळ धरायला?

आणि आम्हाला इथे धाडलं कोणी? “अगं टॅमझिन, तिथली हवा म्हणजे औषध!” हे बंदरावर कोण म्हणालं होतं?

टोबीला परत पाठव म्हणता. नाही पाठवणार. गाइल्सच्या मुलीला तो सख्खी बहीण मानतो. उद्या ॲम्ब्रोज सुताराच्या दोघी मुलीही त्याच पातेल्यातली लापशी खायला बसतील.

हो, उद्या. कारण ज्याच्यावरून तुम्ही मला शिव्या घातल्यात, तो गाइल्सही ऑगस्टच्या तापात गेला. उद्या माझं ॲम्ब्रोजशी लग्न आहे. झगा सकाळीच पुढच्या घरी गेला.

हे पत्र मी पाठवणार नाही. ते पोचेपर्यंत ॲम्ब्रोज तरी असेल का, कोण जाणे.

तुमची भावजय,
टॅमझिन

आडनाव लिहिलेलं नाही. पत्र पाठवलंच, तर तुमच्या हाती पडेपर्यंत ते टिकेल याची खात्री नाही.