मला न कळणारी चव

प्रिय ग्लेन,

गेल्या आठवड्यात मर्टलफर्डच्या बाजारात तुझी बायको भेटली, हेदर. आईकडे आली होती म्हणे. तिने मला मिठी मारली, तुमच्या मार्गारेट रिव्हरच्या वाऱ्याला नावं ठेवली, तुझं पोट सुटल्याचंही सांगितलं. ते ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! आणि मग सहज बोलता बोलता ती एक वाक्य बोलून गेली. त्याच्याकडे मी येणारच आहे. पण नुसतं तेवढंच लिहायला बसले तर पत्रभर शिव्याच होतील, आणि शिव्या मला अजून इटालियनमध्येच धड देता येतात.

कॉलेज संपलं त्या वर्षी तुझ्या खटाऱ्यातून आपण वाइन चाखत हिंडलो, ते आठवतं? क्लेअरची रिस्लिंग प्यायल्यावर मी नुसतं "आंबट" म्हणाले, तर तू डोक्याला हात लावलास. "आंबट काय, बाई? लिंबू आहे, आणि मागून रॉकेल येतंय, बघ." पुन्हा घोट घेतला तर खरंच रॉकेल! बरोसाची शिराझ तर इतकी दाट की तू ग्लासात चमचा उभा करून बघितलास. चॉकलेट आणि मनुकांचा जॅम, असं तू म्हणालास. कूनावाराच्या कॅबरनेमध्ये पुदिना निघाला. हंटरच्या ताज्या सेमिलॉनला मी लिंबूपाणी म्हणून हसले, तर तू हट्टाने तिचीच जुनी बाटली उघडायला लावलीस. भाजलेला पाव, वर लोणी, वर मध! लाकडाच्या पिंपाचं तोंडही न बघता ही चव येते कुठून, असं मी विचारलं, तर तू म्हणालास, "वाट बघून येते." आणि रदरग्लेनच्या मस्कटपाशी, करपवलेली साखर आणि गार चहा, एवढं बोलून तू डोळे मिटलेस. चवींना नावं असतात हे मला तू शिकवलंस. एरवी मी आयुष्यभर गोड, आंबट आणि बरी यांतच फिरत राहिले असते.

आणि मला धूर कळत नाही, हेही तुलाच आधी कळलं. वर्गात सरांनी दोन ग्लास फिरवले होते, एक चांगल्या वाइनचा, एक वणव्याच्या धुराने नासलेलीचा. सगळ्यांनी दुसऱ्याला तोंडं वाकडी केली, आणि मला दोन्ही सारख्याच लागल्या. तू माझ्या कानात म्हणालास, "तंबाखू वाळवायच्या भट्ट्यांमध्ये वाढलेली पोरगी तू, धूर म्हणजे तुझ्या माहेरचा. तुला तो परका कसा लागेल?" असं पुष्कळांचं असतं, पण वाइन करणारीचं असावं! तेव्हापासून धुरापुरती माझी जीभ तू होतास. माझ्या वडिलांना, पापांना, सोडून दुसऱ्या कुणाला आपण हे कळू दिलं नाही. हेदरलाही नाही.

मग दोन हजार वीसचा तो जानेवारी. वणव्यांच्या धुरात समोरचा डोंगर दिसेनासा झाला होता. शेजाऱ्यांनी द्राक्षं वेलीवरच सोडून दिली. प्रयोगशाळेत एवढी रांग की निकाल येईपर्यंत आपल्या द्राक्षांच्या मनुका झाल्या असत्या. म्हणून तू चार घड चुरगाळून बादलीत आंबवलेस, आणि ती वाइन तोंडात घोळवून थुंकलास. मी तुझ्या तोंडाकडे बघत उभी होते. "साफ आहे, लोरेटा. तोडायला घे." एवढंच म्हणालास. मी रडले होते, आनंदाने.

त्या शिराझवर मी पापांचं नाव छापलं. पापांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला क्लबच्या हॉलमध्ये तीच ठेवली. तू तोवर पश्चिमेला, मार्गारेट रिव्हरला गेला होतास. मी घोट घेतला. आपली नेहमीची डोंगरातली शिराझ, हलकी, आलुबुखार आणि काळी मिरी. तेवढ्यात नीव्हेसमावशी भर पंगतीत ओरडली, "अगं, ही वाइन आहे की कालच्या शेगडीचं धुवण?" लोक हसले आणि एकेकाने ग्लास खाली ठेवला. मी काय केलं असेल? उभी राहून ओरडले, "ग्लेनने स्वतः चाखलीय ही!" तुझं नाव घेतलं, ग्लेन. देवाचं घ्यावं तसं.

बाटल्या परत आल्या. पापांच्या नावाच्या बाटल्या लोकांनी कसनुसं हसत, "राहू दे गं, होतं असं" म्हणत परत आणून दिल्या. मी सगळ्यांशी तुझ्यासाठी भांडले. ग्लेनचीही एखादी चूक होऊ शकते, म्हणाले. पापा तर माझ्यापुढे एक पाऊल. "माणूस आहे, चुकतो," हे त्यांचं पालुपद अजून चालू होतं.

आता हेदरचं वाक्य. "त्या वर्षीची तुमची शिराझ ग्लेनने घरात येऊच दिली नाही गं. बादलीतली चाखली त्याच दिवशी म्हणाला, ओल्या राखेत जीभ घातल्यासारखं वाटलं." तिला वाटलं, मला ठाऊकच असेल. मी भाज्यांच्या टोपल्यांपुढे उभी, आणि ती टोमॅटो निवडतेय.

तुला जायचं होतं. तिकडची नोकरी तू केव्हाच धरली होतीस, हे मी मागाहून ताडलं. वर्ष बुडालं असं म्हणाला असतास तर मला बुडत्या वर्षात टाकून जाताना तुला लाज वाटली असती, थांबावं लागलं असतं. त्यापेक्षा "साफ आहे" म्हणणं सोपं. जा म्हणाले असते रे मी! रडले असते, दोन ताटं फोडली असती, आणि जा म्हणाले असते. तू मात्र मला जे कळत नाही नेमकं तेच वापरून केसाने गळा कापलास. शिराझला मिरी आणि आलुबुखार मी आजही म्हणते, पण म्हणताना आता माझा आवाज दबतो. कुणी नुसतं नाक मुरडलं तरी वाटतं, यांना काहीतरी कळलंय, मला कळलेलं नाही.

हे सगळं मी गिळलं असतं. पण परवा तिकडच्या वाइन स्पर्धेवाल्यांचा फोन आला. तुला परीक्षक नेमायचंय, आणि तुला ओळखणारं माणूस म्हणून तू माझं नाव दिलंयस. तुझ्या हिमतीची कमाल आहे! त्यांनी एकच विचारलं, या माणसाच्या जिभेवर भरवसा ठेवावा का, आणि उत्तर लेखी मागितलं. मी काय कळवलं ते तुला माझ्याकडूनच समजावं, म्हणून हे पत्र. मी लिहिलं, "ग्लेनची जीभ मी कॉलेजपासून ओळखते. ती एकदाही चुकलेली नाही. एकदाही नाही." त्यांना हे कौतुक वाटेल, तुला वाटणार नाही. पाठवण्याआधी पापांना वाचून दाखवलं. तुझी बाजू घ्यायला त्यांनी तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटून घेतलं.

एके काळची तुझीच,
लोरेटा